'मजाक होता हो' म्हणणाऱ्यांना: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात या पानावर अ‍ॅडम गुड्सबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, ऑस्ट्रेलियातला मूळनिवासी फुटबॉलपटू (सॉकर नव्हे, त्यांचा 'ऑस्ट्रेलियन रूल्स' फुटबॉल), ज्याला प्रेक्षकांनी हूटिंग करकरून शेवटी खेळ सोडायला लावला. एवढ्याशा मजकुरावर इतके मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, त्यातले निम्मे चिडलेले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही छाटलेत. नाव कुणाचंच छापलेलं नाही, म्हणजे घरी भांडणं नकोत.

प्रश्न: ताई, मी इथे युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे. गुड्सचे व्हिडिओ मी पण बघितले. पण हूटिंग तर सगळ्यांनाच होतं ना. आपल्या हार्दिकला आयपीएलमध्ये आपल्याच लोकांनी केलं, तो कुठे रडत बसला? मग या गुड्सचंच एवढं काय? (सयाजीगंज)

उत्तर: हार्दिकचं उदाहरण दिलंस ते बरं केलंस, बडोद्यात वाढलेला पोरगा. २०२४ ला रोहितला काढून त्याला मुंबईचा कॅप्टन केला म्हणून अहमदाबादला, वानखेडेवर लोकांनी त्याला नको नको ते ऐकवलं, मला तेव्हाही आवडलं नव्हतं. पण पुढे काय झालं आठव. जूनमध्ये वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर त्यानं टाकली आणि जुलैत त्याच वानखेडेवर त्याच पब्लिकनं हार्दिक हार्दिक करून स्टेडियम डोक्यावर घेतलं. म्हणजे राग कशाचा ते सगळ्यांना माहीत होतं आणि चांगलं खेळून तो घालवता येत होता.

आता गुड्सनं काय केल्यावर त्याचा विषय संपणार होता सांग. ब्राउनलो मेडल म्हणजे त्या लीगमधला सीझनचा सगळ्यात मोठा मान, तो त्याला दोनदा मिळाला, २००३ आणि २००६. सिडनी स्वान्सबरोबर २००५ आणि २०१२ ला लीग जिंकली. एकूण ३७२ मॅचेस. अजून किती चांगलं खेळायचं रे माणसानं?

झालं असं की २४ मे २०१३ ला मेलबर्नला कॉलिंगवूडविरुद्ध मॅच होती, आणि गंमत बघ, तो राउंड खास मूळनिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी ठेवलेला. बाउंड्रीपाशी बसलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीनं त्याला 'एप', म्हणजे वानर, म्हटलं. त्यानं सिक्युरिटीला बोट करून दाखवलं, मुलीला बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी तो प्रेससमोर काय म्हणाला तर तिला दोष देऊ नका, लहान आहे, तिला आधार द्या. इथपर्यंत सगळे त्याच्या बाजूनं. मग पाचच दिवसांनी कॉलिंगवूडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर रेडिओवर बोलता बोलता बोलून गेले की किंग काँगच्या म्युझिकलच्या जाहिरातीला गुड्सला घ्यायला पाहिजे. माफी मागितली नंतर, पण बघ, मुलगी तेराची होती आणि अध्यक्ष काही तेराचे नव्हते.

पुढच्या वर्षी, २०१४ ला, गुड्स 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला आणि तो त्या मंचावरून रेसिझमबद्दल, तिथल्या इतिहासाबद्दल बोलायला लागला, त्याची स्वतःची आई लहानपणी सरकारनं घरातून उचलून नेलेल्या मुलांपैकी, तर तो बोलणारच. आणि जसजसा बोलायला लागला तसतसं हूटिंग वाढत गेलं, बॉल त्याच्याकडे गेला की अख्खा स्टँड सुरू. विचारलं तर म्हणायचे, तो फ्री किकसाठी मुद्दाम पडतो म्हणून करतो, त्यानं लहान मुलीला छळलं म्हणून करतो, रंगाचा काय संबंध. मे २०१५ मध्ये गोल केल्यावर त्यानं मूळनिवाश्यांचा युद्धनाच केला, हातात नसलेला भाला फेकल्यासारखं केलं, तो नाच त्याला सोळा वर्षांखालच्या मूळनिवासी पोरांच्या टीमनं शिकवलेला. तर तेही झोंबलं. जुलैत पर्थला इतकं झालं की त्यानं काही दिवस सुट्टी घेतली, सप्टेंबरला रिटायर झाला, आणि ग्रँड फायनलच्या दिवशी रिटायर होणाऱ्यांना गाडीतून मैदानभर फिरवतात त्यालाही गेला नाही. हार्दिक रडला नाही म्हणतोस, गुड्स पण रडला नाही रे, घरी गेला.

प्रश्न: ताई, सादर नमस्कार. माझं वय ७१. दांडिया बाजारात आयुष्य गेलं. ११ ऑक्टोबर २००७ ला आपल्या रिलायन्स स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाची मॅच होती, आम्ही चौघे मित्र गेलो होतो. त्यांच्या अँड्र्यू सायमंड्सला बघून पोरं माकडाचे आवाज काढत होती हे खरं आहे, आम्ही पण हसलो. पण आपल्याकडे नातवाला सुद्धा लाडानं माकडा म्हणतो, मारुतीराय तर दैवत. त्यात वंशद्वेष कुठून आला? गोऱ्यांनी उगाच बडोद्याचं नाव खराब केलं.

उत्तर: नमस्कार काका. बडोद्याचं नाव निघालं की मलाही लागतं, माझं माहेर सासर सगळं इथेच. पण एक विचारू का, त्या दिवशी मैदानात ऑस्ट्रेलियाचे अकरा जण होते. आपण १४८ ला ऑल आउट झालो होतो, मिचेल जॉन्सननं पाच काढल्या होत्या, म्हणजे चिडायचंच तर त्याच्यावर चिडायला पाहिजे होतं. तो आवाज बाकीच्या दहांपैकी कुणासाठी का नाही निघाला? नातवाला माकडा म्हणता तेव्हा तो झाडावर चढलेला असतो, कपाटावरचा डबा पाडलेला असतो, काहीतरी केलेलं असतं. सायमंड्सनं बाउंड्रीवर नुसतं उभं राहण्यापलीकडे काय केलं होतं?

मारुतीरायांना तर यात आणूच नका, मी शनिवार करते. तुमच्या मनात काय होतं ते तुम्हाला माहीत, पण समोरच्या माणसाच्या डोक्यात त्या आवाजाबरोबर काय येतं ते त्याच्या इतिहासातून येतं. युरोप-अमेरिकेत शे-दीडशे वर्षांपूर्वी विद्वान म्हणवणारे लोक पुस्तकांतून लिहायचे की काळा माणूस हा माकड आणि गोरा यांच्या मधली पायरी, आणि ते नुसतं पुस्तकात राहिलं नाही. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये ओटा बेंगा नावाच्या काँगोच्या माणसाला माकडांच्या घरात ठेवून पब्लिकला दाखवलं होतं. ऑस्ट्रेलियात मूळनिवाश्यांची जमीन घेतली, मुलं उचलली, तेव्हा मागे हेच होतं की ही पूर्ण माणसं नाहीतच.

सायमंड्स स्वतः मूळनिवासी नव्हता हे सांगते, नाहीतर पुढच्या अंकात कुणीतरी धरेल मला. जन्म बर्मिंगहॅमचा, कॅरिबियन वंशाचा, दत्तक गेलेला. पण आवाज तोच. बडोद्यानंतर वानखेडेवर परत तेच झालं, तिथे पोलिसांनी काही जणांना स्टँडमधून उचललं. मग जानेवारी २००८, सिडनी टेस्ट, हरभजनचं प्रकरण तुम्हाला पाठ असेल, सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याचा आरोप, तीन टेस्टची बंदी, अपिलात रेसिझमचा आरोप टिकला नाही, शिवीगाळीसाठी अर्धी मॅच फी दंड. कोण काय बोललं यावर आजही दोन्हीकडे भांडतात, त्यात मी पडत नाही. मला पुढचं दिसतं. सायमंड्स नंतर सांगायचा की आपली घसरण तिथून सुरू झाली, दारू वाढली, आपल्याच बोर्डानं वाऱ्यावर सोडलं असं त्याला वाटायचं. २००९ ला त्याला इंग्लंडमधून टी-२० वर्ल्ड कपच्या आधी घरी पाठवलं आणि ऑस्ट्रेलियासाठी तो परत खेळला नाही. २०११ ला तो आणि हरभजन मुंबई इंडियन्सला एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते, म्हणजे त्या दोघांनी मिटवलं. २०२२ मध्ये गाडीच्या अपघातात गेला बिचारा, ४६ वर्षांचा. तुमच्या स्टँडमधल्या पोरांना त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं हे मला पटतं, पण आता तुम्हाला ठाऊक आहे.

प्रश्न: भारतात रेसिझम वगैरे काही नसतं. हे परदेशी फॅड आपल्या माथी मारू नका. (नाव, गाव काहीच लिहिलेलं नाही)

उत्तर: बरं. जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक, बायकांची हॉकी. वंदना कटारियानं साउथ आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक मारली, ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक मारणारी पहिली भारतीय बाई. काहीच दिवसांत आपण सेमी फायनल अर्जेंटिनाकडून हरलो तर हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर फटाके फोडून नाच केला आणि जातीवरून शिव्या दिल्या, अशी तिच्या घरच्यांनी पोलिसात तक्रार दिली, अटकही झाली. आणि जुनं हवं असेल तर पळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड टूरवर शंभरावर विकेट काढणारा दलित स्पिनर, ज्याला पुण्याला पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा, आणि हिंदूंच्या टीमची कॅप्टनशिप त्याला शेवटपर्यंत दिली नाही. याला रेसिझम म्हणायचं नसेल तर तुम्हाला हवं ते म्हणा.

प्रश्न: मी शाळेत पीटी शिकवतो. आमच्याकडे छोटाउदेपूर, नर्मदा साइडची बरीच आदिवासी मुलं येतात. मी त्यांचं कौतुकच करतो, 'यांच्या रक्तातच पळणं आहे' असं पालकसभेत पण सांगतो. परवा एका नव्या टीचरनं मला टोकलं की सर असं बोलू नका. आता कौतुक करणं पण चुकीचं? (मांजलपूर)

उत्तर: सर, तुमचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, आणि तरी त्या टीचरचं बरोबर आहे असं मला वाटतं. मीही वर्षानुवर्षं शाळेच्या ग्राउंडवर शिट्टी फुंकलीय म्हणून बोलते.

आपल्याकडे आदिवासी पोर धावायला लागलं की पेपरवाले लगेच तिला रेल्वेगाडी करतात. कविता राऊत झाली सावरपाडा एक्स्प्रेस, सरिता गायकवाड झाली डांग एक्स्प्रेस. नाव छान वाटतं, मुलींना आवडतही असेल. पण बातमी वाचा, त्यात डोंगर असतो, पाण्याचा हंडा असतो, अनवाणी पाय असतात, आणि ट्रेनिंग एका ओळीत उरकलेलं असतं. सरिता आधी नॅशनल लेव्हलची खो-खो खेळाडू होती, मग धावण्याकडे वळली आणि २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्सला फोर बाय फोर हंड्रेड रिलेत गोल्ड आणलं. खो-खोतून चारशे मीटरला येणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, पहिले दोनशे किती जोरात जायचं आणि शेवटच्या शंभरात काय उरवायचं हे डोकं चालवून, कॅम्पमध्ये महिनोन् महिने घासून शिकावं लागतं. कविता राऊतनं २०१० ला कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरचं ब्राँझ आणि एशियन गेम्सला सिल्व्हर घेतलं, पंचवीस राउंड असतात त्यात, नुसत्या रक्तावर पंचवीस राउंड होतात का कुणाचे?

ऑस्ट्रेलियात पण हेच. मूळनिवासी खेळाडूनं भारी गोल मारला की कॉमेंटेटरच्या तोंडी 'मॅजिक', 'इन्स्टिंक्ट', गोऱ्यानं मारला की 'व्हिजन' आणि 'मेहनत'. वर्षानुवर्षं असं बोललं की त्याचा हिशोब कुठे निघतो सांगू, कोचच्या खुर्चीत. तिथल्या लोकसंख्येत मूळनिवासी ३ ते ४ टक्के, फुटबॉल लीगमध्ये त्यांचं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त, पण हेड कोच शोधायला गेलात तर १९७३ ते १९७५ जिलाँगला पॉली फार्मर आणि मग नावं शोधतच बसायचं. खेळायला घेतात, टीम चालवायला देत नाहीत, कारण मॅजिकवाल्याला प्लॅनिंग येतं असं कुणाला वाटतच नाही.

आणि ज्याचं जिंकणं रक्तातलं, तो हरला की काय म्हणतात तेही तुम्ही स्टाफरूममध्ये ऐकलं असेल, 'आळशी आहेत हो, सणाला गावी गेले की येतच नाहीत.' तर कौतुक करा ना सर, भरपूर करा, पण काय केलं त्याचं करा, स्टार्ट सुधारला, डाएट पाळलं, पहाटे पाचला आला. आणि वेळ मिळाला तर मुलांना जयपालसिंग मुंडांबद्दल सांगा, १९२८ ला भारतानं हॉकीचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड घेतलं त्या टीमचे कॅप्टन, ऑक्सफर्डला शिकलेले, नंतर संविधान सभेत आदिवासींसाठी भांडलेले. पालकसभेत हे चालेल की.

प्रश्न: आमचा मुलगा न्यू जर्सीला असतो, बेसबॉलचा शौकीन. तो म्हणतो क्लीव्हलँड इंडियन्स हे इतकं छान नाव उगाच बदललं, तो तर त्यांचा मान होता. (अलकापुरी)

उत्तर: त्यातले 'इंडियन्स' आपण नव्हतो, अमेरिकेतले मूळनिवासी होते, हे आधी चिरंजीवांना सांगा. ज्यांचा मान होता म्हणतात ते लोकच अनेक वर्षं नाव काढा म्हणून गेटवर बोर्ड घेऊन उभे राहायचे. २००८ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास छापून आला, मूळनिवासी विद्यार्थ्यांना असली मॅस्कॉटची चित्रं दाखवली की त्यांचं स्वतःबद्दलचं मत खाली जातं, असं त्यात दिसलं. वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमनं २०२० ला आपलं जुनं नाव टाकलं, क्लीव्हलँड २०२२ च्या सीझनपासून गार्डियन्स. जुनी टोपी कपाटात ठेवायला कुणी मना केलेलं नाही.

प्रश्न: ताई, माझी मुलगी नववीत आहे, खो-खो खेळते. तिच्या टीममध्ये छोटाउदेपूरकडची एक राठवा आदिवासी मुलगी आहे, हॉस्टेलला राहते, टीममधली सगळ्यात चांगली प्लेयर. काही मुली तिला 'जंगली' म्हणतात, सिलेक्शन झालं की 'कोट्यातली'. तिनं कोचना सांगितलं तर ते म्हणाले खेळात लक्ष दे, हे चालतंच. आता ती आठवडाभर प्रॅक्टिसला आलेली नाही. माझी मुलगी रोज घरी येऊन रडते. आम्ही यात पडावं का? (वाघोडिया रोड)

उत्तर: पडा. पण कसं पडायचं ते नीट बघून.

आधी त्या मुलीला विचारा, तुमच्या मुलीमार्फत किंवा स्वतः हॉस्टेलवर जाऊन, की तिला काय हवंय. परत खेळायचंय का, कुणी काय केलं तर खेळेल, घरी कळलेलं चालेल का. तिला न विचारता तुम्ही तक्रार ठोकलीत तर परत सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच. आणि तिला 'तुझा अनुभव सगळ्यांना सांग' म्हणून प्रार्थनेच्या वेळी स्टेजवर उभं करू नका, हे हल्ली फार सुटलंय. गुड्सचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं, खेळायचं ते खेळायचं आणि वर रेसिझम म्हणजे काय हे सगळ्या देशाला समजावत बसायचं.

मग तुमच्या मुलीचं काम. ज्या मुली बोलतात त्या तिच्याच मैत्रिणी असणार ना. पुढच्या वेळी कुणी 'जंगली' म्हणाली की तिनं तिथल्या तिथे म्हणायचं, ए, असं नाही बोलायचं. बस, भाषण नको. अवघड आहे मला माहीत आहे, नववीत तर फारच, पण हे तिच्याकडून आलं तर जितकं लागतं तितकं आपल्याकडून लागत नाही.

कोचसाहेबांचं. 'हे चालतंच' हे वाक्य मी ग्राउंडवर इतक्या वेळा ऐकलंय की कान किटले. ऑस्ट्रेलियात १९९५ पर्यंत हेच होतं, मैदानात कायपण बोला, मॅच संपली की हात मिळवा, विषय तिथेच पुरायचा. त्या वर्षी एप्रिलमध्ये मायकल लाँग नावाच्या मूळनिवासी खेळाडूला समोरच्या टीमच्या एकानं रंगावरून शिवी घातली. लाँग मुळात अगदी कमी बोलणारा, पण त्यानं ते पुरू दिलं नाही. लीगनं दोघांना शेजारी बसवून प्रेससमोर मिटलं मिटलं केलं तरी त्याचं समाधान झालं नाही. शेवटी त्याच सीझनमध्ये लीगला नियम करावा लागला, वंश-धर्मावरून बोललात तर कारवाई. तोपर्यंत नियमच नव्हता बघा. तर तुम्ही पण लेखी द्या, कोणत्या तारखेला कुणी काय शब्द वापरले, कोण होतं तिथे, आणि एक कॉपी प्रिन्सिपलना. तोंडी सांगितलेलं 'हे चालतंच' मध्ये विरघळतं, कागदावर सही घेऊन ठेवलेलं तेवढं सहज विरघळत नाही.

कायदाही आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, अनुसूचित जमातीच्या माणसाचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर तो गुन्हा आहे. चौदा वर्षांच्या मुलींवर लगेच पोलीस घाला असं मी म्हणणार नाही, त्या जे बोलतात ते घरच्या डायनिंग टेबलवरून उचललेलं असतं, पण शाळेनं कानावर हात ठेवले तर हा कायदा आहे एवढं प्रिन्सिपलना नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही. आणि 'कोट्यातली' वर एक सोपा उपाय आहे, कोचला म्हणावं खो-खोचं सिलेक्शन पळण्याच्या वेळेवर आणि गड्यांवर होतं ते आकडे बोर्डावर लाव, सगळ्यांचे. बघू दे कोण कोट्यातलं ते.

आणि हो, तिला भेटाल तेव्हा सरिता गायकवाडची गोष्ट सांगून 'बघ तीही सोसून पुढे गेली' असलं काही बोलू नका, प्लीज.

प्रश्न: लीगनं गुड्सची माफी मागितली ना? मग हॉल ऑफ फेम नाकारायचं काय कारण? माणसानं किती दिवस धरून बसायचं? (कारेलीबाग)

उत्तर: माफी मागितली, लीग आणि अठराच्या अठरा क्लब मिळून, जून २०१९ मध्ये. तो रिटायर झाला २०१५ ला. २०१९ ला त्याच्यावर दोन डॉक्युमेंटरी आल्या, त्यातली पहिली यायच्या वेळेला कुठे शब्द फुटले. ज्या आठवड्यात गरज होती तेव्हा लीगचे साहेब लोक हे नक्की रेसिझम आहे की नाही यावर शब्द तोलत बसले होते. २०२१ ला कळलं की हॉल ऑफ फेमला त्यानं नको म्हटलंय. यात धरून बसणं कुठे आहे मला कळत नाही, त्याला पार्टीला जायचं नाहीये इतकंच. तो त्याच्या मित्राबरोबर २००९ मध्ये काढलेल्या फाउंडेशनमधून मूळनिवासी मुलांना शिकायला स्कॉलरशिप देतो, म्हणजे काम थांबवलेलं नाही.

आणि त्याच्या जागी उभं राहून मागे वळून बघा ना जरा. १९२७ ला डग निकोल्स हा मूळनिवासी खेळाडू कार्लटन क्लबला गेला तर त्याच्या रंगामुळे मालिश करायला नकार दिला, तो सोडून दुसरीकडे गेला. आता लीगचा मूळनिवासी राउंड त्याच्याच नावानं होतो, सर डग निकोल्स राउंड, पन्नास वर्षांनी तो एका राज्याचा गव्हर्नर पण झाला. १९९३ ला निकी विनमार या मूळनिवासी खेळाडूनं शिव्या घालणाऱ्या स्टँडसमोर जर्सी वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखवलं, फोटो बघितला असेल तुम्ही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेव्हाचे कॉलिंगवूडचे अध्यक्ष टीव्हीवर म्हणाले की हे लोक गोऱ्यांसारखे वागले तर सगळे त्यांना मान देतील. विनमारचा पुतळा उभा राहिला २०१९ मध्ये. मध्ये २०१६ ला एडी बेट्स या मूळनिवासी खेळाडूवर केळं फेकलं. २०२१ ला त्याच कॉलिंगवूडचा चौकशी अहवाल फुटला, क्लबमध्ये रेसिझम मुळापासून आहे असं त्यात लिहिलेलं, आणि अध्यक्ष प्रेससमोर येऊन म्हणाले आज आमच्या क्लबसाठी अभिमानाचा दिवस आहे. कोण अध्यक्ष? तेच, किंग काँगवाले. आठवड्याभरात राजीनामा द्यावा लागला. म्हणजे शिवी देणारा तर काय, एक सेकंद बोलून वडापाव खायला जातो. खेळाडूची वर्षं जातात ती नंतरच्यांमुळे, हसणारे, 'मनावर घेऊ नको' म्हणणारे, चौकशी लांबवणारे, आणि मग पुतळा बांधणारे.

हे अंगातही उतरतं. ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी २०१५ मध्ये जगभरातले २९३ अभ्यास एकत्र तपासले, ज्यांना वंशभेद सोसावा लागतो त्यांच्यात डिप्रेशन, अँग्झायटी जास्त, एकूण तब्येतही खालावलेली दिसते. कॅनडात टेड नोलन म्हणून मूळनिवासी ओजिब्वे समाजाचा आइस हॉकी कोच होता, १९९७ ला लीगचा बेस्ट कोच ठरला, आणि त्यानंतर त्या लीगमध्ये हेड कोचची नोकरी मिळायला त्याला २००६ उजाडलं. क्लबमधली भांडणं होतीच, पण आपल्या समाजावरून पसरवलेल्या अफवाही त्यात होत्या असं तो स्वतः सांगत आलाय. नऊ वर्षं हो. कोचच्या आयुष्यात नऊ वर्षं म्हणजे सगळं उमेदीचं वय.

प्रश्न: रहाणेला ऑस्ट्रेलियात कुठल्यातरी आदिवासी खेळाडूच्या नावाचं मेडल मिळालं होतं, ते काय होतं? आणि दुसरं, मॅचला शेजारचा माणूस असलं काही ओरडायला लागला तर आपण काय करायचं, भांडण थोडंच करणार? (रावपुरा)

उत्तर: जॉनी मुलाग मेडल. १८६८ ला ऑस्ट्रेलियाची जी पहिली क्रिकेट टीम इंग्लंडला गेली ती मूळनिवासी खेळाडूंची होती, ४७ मॅच खेळले, त्यात मुलागनं १६९८ रन काढले आणि २४५ विकेट. त्यांच्यातला एक जण तिथेच लंडनला वारला. आणि एवढं होऊन ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांच्या टेस्ट टीममध्ये उघडपणे मूळनिवासी म्हणून ओळखला गेलेला पहिला खेळाडू आला १९९६ मध्ये, जेसन गिलेस्पी. मधल्या काळात एडी गिल्बर्ट होता, १९३१ मध्ये ब्रॅडमनला शून्यावर काढणारा फास्ट बोलर, पण मूळनिवासी असल्यामुळे त्याला मॅचसाठी गावाबाहेर जायला पण सरकारी परवानगी लागायची. २०२० पासून मेलबर्नच्या बॉक्सिंग डे टेस्टच्या बेस्ट प्लेयरला मुलागच्या नावाचं मेडल देतात, पहिलंच आपल्या अजिंक्यला, त्या ११२ साठी. पुढच्या वर्षी स्कॉट बोलंडला, सात रनात सहा विकेट, तो स्वतः मूळनिवासी.

दुसऱ्या प्रश्नाला पण अजिंक्यच. मेडलनंतर दोनच आठवड्यांत सिडनी टेस्ट, सिराज आणि बुमराला स्टँडमधून शिव्या. सिराजनं कॅप्टनला सांगितलं, कॅप्टननं अंपायरला, खेळ थांबवला, सहा जणांना उठवून बाहेर काढलं. सिराजनं नंतर सांगितलं की अंपायरनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता, रहाणे म्हणाला आमचं काही चुकलेलं नाही, आम्ही खेळणार. पुढे चौकशीत निघालं की शिवीगाळ खरी होती पण काढलेले ते सहा जण ते नव्हतेच. म्हणून तुमचं काम महत्त्वाचं, कारण कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, कोण काय बोललं ते शेजारच्यालाच ऐकू येतं. भांडू नका. ब्लॉक, रो, सीट नंबर बघून ठेवा, ओव्हर लक्षात ठेवा, आणि गेटवरच्या स्टीवर्डला नाहीतर पोलिसाला जाऊन सांगा, सोबत अजून एकाला घेऊन जा म्हणजे 'तुमचा गैरसमज झाला' म्हणायला जागा राहत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड केलं असेल तर ते त्यांना द्या, ग्रुपवर टाकू नका.